रिकामा चाप

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२५

दादा,

'तीर्थस्वरूप' लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढे सरकेना. तेव्हा नुसतंच दादा.

वहिनीच्या फोनवरून तू पाठवलेलं बोलणं मी तीन वेळा ऐकलं. "ती बंदूक भंगार हाय. तूच मोडली, आता तूच तिची वाट लाव. ठाण्यातून कागद आलाय. सरकारजमा करा म्हणून सही दे, आन मोकळी हो." अकरा वर्षांनी सख्ख्या बहिणीशी बोललास ते एवढंच. कशी आहेस, जेवतेस का, काही नाही.

तर उत्तर ऐक. सही देणार नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला आजवर एक वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल. फाडलंस तर दुसरं पाठवीन, स्पीडपोस्टाने, पोचपावतीसकट.

अण्णांनी नोव्हेंबरात, विधानसभेच्या निवडणुकीआधी, सगळे करतात तशी रायफल ठाण्यात जमा केली. परत आणायचं त्यांच्याच्याने झालं नाही आणि फेब्रुवारीत ते गेले. आता वारस तिघे: आई, तू आणि मी. तिघांपैकी कोणीच पुढे आलं नाही तर रायफल सरकारजमा होऊन वितळायला जाणार. मी पुढे आले आहे. परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून मी रीतसर अर्ज केला आहे. त्याला आईचं आणि तुझं नाहरकतीचं शपथपत्र लागतं. सुनावणी अठरा ऑगस्टला आहे. ही विनंती नाही, कळवणं आहे.

तू आत्ता काय म्हणतो आहेस ते मला इथे ऐकू येतंय. बाईमाणूस, त्यात नवरा सोडून शहरात एकटी राहणारी, त्यात बंदूक! सोयगावचं सासर मी सोडलं त्या दिवशी तू पिशोरला आपल्या घराच्या दारात आडवा उभा राहून म्हणाला होतास, "आजपासून माहेर संपलं तुझं." बरं, संपलं. मग आता माहेरच्या माणसाला मी काय करते त्याची पंचाईत कशाला? मागाहून शिकून मी शाळेत पी.टी. शिकवते, माझं भाडं मी भरते, आणि पन्नाशीतही तुझ्यापेक्षा जोरात पळते.

आणि ते "तूच मोडली." ते वाक्य एकतीस वर्षं झाली तरी तुझ्या तोंडून अजून ताजंच निघतं.

सव्वीस जानेवारी चौऱ्याण्णव. जिल्ह्याची खुली नेमबाजी, इथेच शहरात. मी अठरा वर्षांची, कॉलेजात एनसीसीला. आमच्या तुकडीत माझ्यासारखा नेम कोणाचा नाही, असं आमचे हवालदार म्हणायचे. स्पर्धेला आपापली रायफल आणायची होती. अण्णांनी आजोबांची रायफल दिली, नुसती दिली नाही, फेटा बांधून स्वतः घेऊन आले. माझं नाव पुकारलं. मी काडतूस घातलं, ते पुरतं आत जाईना. खालचा दांडा जोराने वर दाबला, तर आतून कट्‌ असा आवाज आला आणि लोखंडाचा एक तुकडा सतरंजीवर पडला. तहसीलदार, मास्तर, गावाहून आलेली माणसं, सगळे बघत होते. आणि मागून तू म्हणालास, "काल दुपारभर हीच खोलून बसली व्हती, अण्णा."

ते खरं होतं. आदल्या दुपारी मी ती पुसली होती, तेल दिलं होतं. म्हणून मला "नाही" म्हणता आलं नाही. अण्णांनी माझ्या हातातून रायफल घेतली आणि डोक्यावरचा फेटा उतरवला. एनसीसी बंद झाली, कॉलेज बंद झालं, मे महिन्यात सोयगावच्या मुलाशी लग्न लावून दिलं. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि मी ते मुकाट्याने फुटू दिलं.

आता देणार नाही.

रत्नमाला

२९ जून २०२५

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी लिहिल्यास, त्यातल्या दोन शिव्या आहेत, म्हणजे तब्येत चांगली दिसते. "तुला कशाला पायजे बंदूक? कोणावर झाडायची हाय? नवऱ्यावर का माझ्यावर?" असं विचारतोस. दोघांवरही काडतूस वाया घालवणार नाही, निश्चिंत राहा.

इकडे काय झालं ते सांगते. परवान्याच्या पुस्तकात आपल्या रायफलीपुढे नुसतं लिहिलंय, 'जुनी, बावीस बोअर, नंबर वाचता येत नाही.' परवाना शाखेतल्या बाई म्हणाल्या, हत्यार नक्की कोणतं आहे ते आधी ठरवून आणा, मग पुढचं बोलू. म्हणून परवानगी काढून रायफल ठाण्यातून इथल्या परवानाधारक दुकानात आणवली. तिथे दुरुस्तीला गौसभाई म्हणून म्हातारे मिस्त्री आहेत. वय शहात्तर. चहाचा कप धरताना हात थरथरतो, कानस धरली की थांबतो.

त्यांनी कापड सोडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "बाई, ये बंदूक है के देवी?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. सत्तर दसऱ्यांचं हळद-कुंकू, तूप, निरांजनाची काजळी, झेंडूच्या पाकळ्या, सगळं थरावर थर बसून लाखेसारखं कडक झालेलं. रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन त्यांनी एक अख्खा दिवस नुसतं धुतलं. संध्याकाळी खालून लोखंड निघालं. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चित्र. त्याखाली बर्मिंगहॅम. आणि बाजूला पाच आकड्यांचा स्वच्छ नंबर. गौसभाई म्हणाले, "बी.एस.ए. की है. पहली जंग के आसपास की." मी तो नंबर आधी तळहातावर लिहिला आणि मग कागदावर.

आता एक गोष्ट ऐक, तुला आवडणार नाही. छावणीतल्या गोऱ्या साहेबाने परत जाताना आजोबांना ही विकली, आणि आजोबांनी हिने गौताळ्याच्या जंगलात वाघ मारला, असं आपण लहानपणापासून पाहुण्यांना सांगत आलो. दादा, या काडतुसाने वाघाला फार तर खाज सुटेल. ही शिकारीची बंदूकच नाही. नेम शिकायची आहे, कागदावर मारायची. एका वेळी एक काडतूस. तिकडे क्लबात लोक हिच्यावर हात बसवायचे. म्हणजे ज्या कामासाठी ती घडवलेली होती ते तिच्याकडून करून घ्यायला घरात निघालेली एकटी मीच होते. तुम्ही सगळे तिच्याकडून वाघ मारून घेत बसलात.

आता दुसरी गोष्ट. ही नीट वाच.

दांडा खाली ओढला की आतला ठोकळा झुकतो आणि नळीचं मागचं तोंड दिसतं. गौसभाईंनी तिथे भिंग धरलं आणि मला बघायला सांगितलं. तोंडाच्या कडेवर एका जागी खड्डा पडलाय आणि तिथलं लोखंड आत, काडतुसाच्या वाटेत आलंय. "देखो," ते म्हणाले, "एकीच जगे पे मार है. एक-दो दफा का नै. बरसों का है. खाली घोडा कौन मारता था?"

बावीसच्या काडतुसाच्या बुडाला मध्ये टिकली नसते. दारू कडेत भरलेली असते, म्हणून पिनही कडेवर आपटते. आत काडतूस असेल तर मार ते खातं. नसेल तर पिन थेट नळीच्या तोंडावर बसते, लोखंडावर लोखंड.

रिकामा चाप कोण ओढत होतं, दादा? दसऱ्याला पूजा झाली की आजोबा रायफल आभाळाकडे धरून रिकामा चाप ओढायचे. "शस्त्र जागं केलं," म्हणायचे. मग अण्णा. मग काका. मग मिशी फुटल्यापासून तू. वयाच्या क्रमाने, प्रत्येकाचा एक ठोका. एखादा पाहुणा असला तर मानाने त्यालाही. आणि आम्ही बायका ताट घेऊन चार हात लांब उभ्या, कारण त्या दिवशी बाईचा हात लागला तर विटाळ.

हवालदारांनी आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, बावीसचा रिकामा चाप ओढायचा नाही. मी आयुष्यात एकदाही ओढलेला नाही. घरात तो न ओढणारं एकच माणूस होतं आणि मोडल्याचा आळ त्याच माणसावर आला.

गौसभाईंना मी ती सव्वीस जानेवारी सांगितली. ते म्हणाले, "ये तुमारे हाथ का काम नै बाई." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी मी ढसाढसा रडले. तुला सांगायला लाज वाटत नाही. मला स्वतःलाच इतकी वर्षं वाटायला लागलं होतं की मीच मोडली असेन. पुसताना काहीतरी उलटं बसवलं असेन. पाच वर्षांपूर्वी शाळेत मुलींसाठी एअर रायफलचा वर्ग काढायचं ठरत होतं, तेव्हा मीच नको म्हटलं. म्हटलं, माझ्या हातून काही मोडायला नको.

त्या रायफलीतून आणखी एक वस्तू निघाली आहे. ती काय ते आज लिहीत नाही. तू आधी सांगतोस का ते बघते. सव्वीस तारखेच्या सकाळी, निघायच्या आधी, काय झालं होतं?

रत्नमाला

२० जुलै २०२५

दादा,

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या कार्डात नाही. बाकी सगळं आहे. "देवाच्या कामानं बंदूक मोडत नसती. त्या मिस्त्रीला दसऱ्याचं काय कळतंय?" गौसभाईंना दसऱ्याचं कळत नसेल, पोलादाचं कळतं. आणि पुढे तुझी अट, की परवाना माझ्या नावावर झाला तरी रायफल पिशोरलाच राहील, तर सही देतो. म्हणजे नाव माझं, खुंटी तुझी. नको.

आधी दुरुस्तीचं सांगते. मला त्याचं फार कौतुक वाटतंय आणि सांगायला घरचं दुसरं कोणी नाही.

नळीच्या तोंडाशी आत आलेलं लोखंड कापायचं नव्हतं. कापलं तर भोक मोठं होतं. गौसभाईंनी कडक पोलादाची निमुळती सळई घासून गुळगुळीत केली, तेल लावून आत घातली आणि हलक्या हाताने फिरवत, दाबत ते लोखंड होतं तिथे परत बसवलं. दोन दिवस लागले. मग काडतूस बाहेर ओढणारा आकडा, तोच जो माझ्यासमोर तुटून पडला होता. असा सुटा मिळत नाही. पोलादाच्या पट्टीतून त्यांनी तो कानशीने घडवला. घासायचा, लावून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. शेवटी लाल करून तेलात बुडवला. पिनचं टोक ठोके खाऊन पसरलं होतं, ते गोल केलं. दस्त्याला बारीक भेग होती, ती सांधली. नळीतून ब्रश फिरवला तेव्हा पहिल्या चिंधीला जे काही लागून आलं त्यात एक वाळलेला कोळीसुद्धा होता. मी रोज शाळा सुटल्यावर तिथे जाऊन स्टुलावर बसायचे. एकदा म्हणाले, "नक्को देखो इत्ता, मेरेकू शरम आती."

मागच्या रविवारी दुकानाच्या परवान्यावर, क्लबच्या रेंजवर, त्यांच्याच देखरेखीत चाचणी झाली. पहिली पाच काडतुसं गौसभाईंनी मारली. पाचही रिकामी टोपणं टुणकन बाहेर पडली. मग त्यांनी रायफल माझ्यापुढे धरली.

एकतीस वर्षांनी पालथी पडले, दादा. गुडघा बोंबलला. जवळचा चष्मा लावला तर नळीवरची माशी, नेम धरायचं ते टोक, स्पष्ट आणि कागद पुसट. काढला तर कागद स्पष्ट आणि माशी गायब. श्वास कुठे रोखायचा ते अंगाला आठवत होतं, बाकी काही आठवत नव्हतं. पहिला बार गेला तेव्हा मीच दचकले, आणि आवाज तर लवंगी फटाक्याएवढासुद्धा नाही. दहा गोळ्या झाडल्या. कागद आणला तर शंभरात सदुसष्ट. दोन तर कागदाच्या कोपऱ्यात. अठराव्या वर्षी मी ब्याण्णवच्या खाली उतरत नव्हते.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. माझा नेम चांगला होता आणि तो मी कुठे हरवला नाही, तुम्ही तो काढून घेतलात. पण त्या सदुसष्टातल्या शेवटच्या तीन गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ आहेत. कागद भिंतीला लावलाय.

आता ती वस्तू.

आकडा बसतो त्या खाचेत, लोखंडाच्या आणि लोखंडाच्या मध्ये, चाकूचं टोक अडकलेलं होतं. नखाएवढं. गौसभाईंनी ते चिमट्याने काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, कोणीतरी अडकलेलं काडतूस चाकूने उचकटून काढलंय, आकड्याला तडा तेव्हाच गेलाय, तुमच्या हातात तो फक्त पडला.

ते टोक एका बाजूला वळलेलं आहे. मोसंबीची कलमं करताना डोळे भरायच्या चाकूचं. पितळी मुठीचा तुझा चाकू, जो तू कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. त्या साली मी लग्न होऊन गेले तेव्हा त्याला टोक नव्हतं. मी विचारलं होतं, तू म्हणालास दगडावर आपटला.

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणजे गेल्या पत्रात लिहिलं नाही तेव्हाही माहीत होतं. तुला स्वतःहून बोलायची एक संधी द्यावी असं वाटलं. संधी दिली, तू दसऱ्यावर बोलत बसलास.

रत्नमाला

३ ऑगस्ट २०२५

दादा,

पाकीट मिळालं. शपथपत्रावर तुझी सही आहे, साक्षीदार आहेत, सगळं जागच्या जागी आहे. आणि आत वहीच्या पानावर ती चिठ्ठी.

"चाकूचं खरं हाय. म्या नुसतं बघाया घेतलं व्हतं, बार कसा भरतेत. काडतूस अडकलं. अण्णा बाहेर हाका मारत व्हते. म्या घाबरलो. पुढं तुझ्या हातात मोडली आन तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर माघारी घेता आलं नाय. आईला सांगू नको. तिचं वय झालंय, तिला सोसायचं नाय. हे वाचून फाडून टाक."

तू तेवीस वर्षांचा होतास, अण्णांचा राग मलाही माहीत होता. घाबरलास हे मी समजू शकते. त्या दिवशीचं. पण दादा, दुसऱ्या दिवशीही सकाळ झाली होती. माझं कॉलेज बंद केलं त्या दिवशी, मला बघायला माणसं आली त्या दिवशी, हळद लागली त्या दिवशी तू तिथेच होतास. मांडव तूच घातलास. सोयगावहून मी पहिल्यांदा रडत आले तेव्हा "असं मोडतोडीचं खातं हाय तुझं" असं म्हणणारा तूच. आणि अण्णा गेले ते मी त्यांची मान खाली घालायला लावली असं समजून गेले. त्यांना आता कुठल्या टपालाने कळवू?

फाडणार नाही. चिठ्ठीच्या झेरॉक्स काढल्या आहेत. सहा. एक परवान्याच्या फायलीत लावणार होते, पण शाखेतल्या बाई म्हणाल्या, याची गरज नाही. त्यांना नसेल.

आईला सोसायचं नाही म्हणतोस. किती दुष्काळांत उभ्या राहिलेल्या आजीची लेक ती. तिला काय सोसतं आणि काय नाही ते तिच्या वतीने तू ठरवू नकोस. आईला आयुष्यभर एवढंच माहीत आहे की तिच्या लेकीने घराची अब्रू चारचौघांत घालवली. मी माहेरी गेले की ती पाण्याचा तांब्या द्यायची आणि माझ्या हातांकडे बघायची. तिने एकदा, फक्त एकदा, म्हणावं की पोरी, तू नव्हतं केलेलंस. मला रायफलीइतकंच ते पाहिजे आहे. खरं म्हणजे रायफलीपेक्षा जास्त.

तिचा अंगठाही अजून बाकी आहे. शनिवारी, पौर्णिमेला येते. राखी आणणार नाही, कागद आणणार आहे. दारात आडवा उभा राहायचं असलं तर राहा. या वेळी मी परत फिरणार नाही.

शाळेत मोठ्या बाईंना सांगितलं, एअर रायफलचा वर्ग मी घेते.

रत्नमाला

२१ ऑगस्ट २०२५

दादा,

सोमवारी सुनावणी झाली. अर्ज मंजूर झाला, पुस्तक पंधरवड्यात हातात येईल. साहेबांनी एकच विचारलं, "बाई, कशासाठी पाहिजे?" मी म्हणाले, "झाडायला." त्यांनी वर बघितलं. मी सदुसष्टचा कागद पुढे केला. ते म्हणाले, "सुधारा." म्हटलं, सुधारीन.

तू फोनवर वहिनीकरवी विचारतो आहेस, "आईला काय बोलली ही? त्या दिवसापासून ती धड जेवत नाय, कोणाशी बोलत नाय." मी तिला काही बोलले नाही. ती बोलली. तू घरी असतास तर तुझ्या कानांनी ऐकलं असतंस. सणाच्या दिवशी कन्नडला काय काम निघालं होतं ते तुझं तुला ठाऊक.

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी खाली बसले. तिला कमी ऐकू येतं म्हणून तुझी चिठ्ठी मोठ्याने वाचली, पहिल्या अक्षरापासून 'फाडून टाक'पर्यंत. वहिनी चहाचं पातेलं हातात धरून दारात थांबली होती.

वाचून झालं तरी आईचे हात चालूच होते. मग ती म्हणाली, "ठाव हाय मला."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचायला घेतलं, तर तिने हात वर केला.

"ऐकू आलं गं. मला तवाच ठाव व्हतं. म्या दारातूनच पाहिलं. गोकुळ चाकू घालून ओढत व्हता, घामानं निथळत व्हता."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलून काय? आठ दिसावर त्याची सुपारी फुटायची व्हती. तुझ्या बापानं भर मैदानात तुडवला असता त्याला. पाहुणे माघारी गेले असते. घर त्याच्या जिवावर चालायचं व्हतं." मग पुढची शेंग फोडून, "तू काय, पोरीची जात. आज ना उद्या जायाचीच व्हतीस."

वहिनीच्या हातातलं पातेलं हललं, चहा तिच्या पायावर सांडला आणि ती बिचारी तशीच आत गेली. तिचीच सुपारी होती ती.

दादा, ती मला जवळ घेईल, रडेल, तुला बोलावून चार शब्द सुनावेल, असं मी एसटीत बसून किती वेळा मनात घोळवलं होतं. तिने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "आन इकडं तो कागद. अंगठा कुठं लावू?" जसं काही मी रेशनकार्डाचं काम घेऊन आले होते.

वाटलं, कागदाचे तिथेच तुकडे करावेत आणि चालू लागावं. मला असा अंगठा नको. मग वाटलं, का नको? मैदानावरून मी एकदा अशीच मान खाली घालून मुकाट्याने निघून आले होते, त्याची किंमत अजून भरते आहे. माझं जे आहे ते घेतल्याशिवाय या ओसरीवरून उठायचं नाही. माफी मिळणार नसेल तर नको. रायफल माझी आहे.

मी शाईचं पॅड उघडलं. तिचा हात हातात घेतला. केवढासा झालाय तो. अंगठा शाईवर टेकवला, कागदावर ठेवला आणि वरून माझ्या अंगठ्याने दाबला.

"हळू गं," ती म्हणाली, "दुखतंय."

"दुखू दे," मी म्हणाले, आणि दुसऱ्या प्रतीवरही तसाच दाबून घेतला. मग माझ्या ओढणीने तिचा अंगठा पुसला आणि साडेबाराच्या गाडीने परत आले.

रत्नमाला